उतेकर सरांचा शेवटचा रकाना

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मनीषाचा फोन आला. मनीषा महाडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. ती आणि मी, दोघेही उतेकर सरांचे विद्यार्थी, वर्षे वेगवेगळी. "सर गेले," ती म्हणाली आणि मी काही विचारायच्या आत पुढे बोलली, "लेख आला तो रविवारचा अंक मिळाला होता त्यांना. दोनदा वाचला. काकूंनाही मोठ्याने वाचून दाखवला." मृत्यूची बातमी ऐकल्यावर मनात पहिल्यांदा सुटकेची भावना आली, हे लिहिताना संकोच होतो. पण सरांविषयी लिहायचे तर जे झाले ते झाले तसेच लिहावे लागेल. अंक त्यांच्या हयातीत आला होता, एवढ्या एका गोष्टीने त्या सकाळी बरेच काही सावरले.

प्रभाकर उतेकर निवृत्त होईपर्यंत त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. मूळचे पोलादपूर तालुक्यातले, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतले. राहायला महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. त्यांनी पुस्तक लिहिले नाही, परिषदांना ते फारसे गेले नाहीत. त्यांच्या नावावर एकच काम आहे, ते म्हणजे एक तक्ता. विभागाच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर, दर वर्षी नव्या पुठ्ठ्यावर हाताने काढलेला. डावीकडे ओळी होत्या: माणसामागे धान्य, मोठ्या माणसांचे सरासरी शालेय शिक्षण, बाळंतपणासाठी दवाखाना किती लांब, पिण्याचे पाणी. वरच्या बाजूला रकाने: भारत, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया. देशांचे आकडे सर ग्रंथालयात येणाऱ्या अहवालांतून काढत. शेवटचा रकाना मात्र विद्यार्थ्यांनी भरायचा असे. त्याच्यावर लिहिलेले असे, 'आपले तालुके'. दिवाळीची सुट्टी संपली की मुले-मुली महाड-पोलादपूरच्या ठरलेल्या गावांत आणि वाड्यांवर घरोघर जात, प्रश्न विचारत आणि परत येऊन भागाकार करत बसत.

आमच्या वर्गात एकाने विचारले होते, "सर, यात अमेरिका का नाही? जपान का नाही?" सरांनी त्याला उलट विचारले, "तुझ्या बहिणीसाठी स्थळ बघताय ना? मुंबईच्या एखाद्या कारखानदाराकडे गेलात का?" तो म्हणाला, "नाय सर. तोलामोलाचं पायजे." "मग देशालाही तोलामोलाचंच पायजे. ज्यांनी आपल्याच सुमाराला, आपल्याइतक्याच गरिबीतून घर मांडलं, त्यांच्याशी तुलना. अमेरिकेच्या मागे राहिल्याची कोणालाच लाज वाटत नाही. लाज वाटते ती बरोबरीच्यापुढे." एकदा निवडलेले देश ते बदलत नसत. कॉलेजच्या कार्यक्रमाला आलेल्या एका अधिकाऱ्याने तक्ता बराच वेळ पाहिला आणि सुचवले, की श्रीलंकेच्या जागी दुसरा एखादा देश घेतला तर आपले चित्र जरा बरे दिसेल. सर हसून म्हणाले, "साखरपुडा झाल्यावर घर बदलतात का, साहेब?" अधिकारी हसले... पण पुढच्या वर्षी पाहुण्यांना तक्त्यासमोर आणू नका, असे प्राचार्यांनी सरांना सांगितले.

मी वर्तमानपत्रात लागलो आणि हा तक्ता दर हिवाळ्यात आमच्या पुरवणीत येऊ लागला. सरांचे म्हणणे दोन पायऱ्यांचे होते. आपला देश त्याच्या बरोबरीच्यांच्या मानाने काही बाबतीत मागे आहे, ही पहिली. आणि आपले डोंगरातले तालुके या देशाच्याही मागे आहेत, ही दुसरी. शेवटच्या रकान्यातला पहिल्या ओळीचा, म्हणजे धान्याचा आकडा नेहमी सगळ्यांत कमी असे. पाचही देशांतल्या सरासरी माणसापेक्षा आंबेनळीच्या पायथ्याचा माणूस कमी खातो, असा त्याचा अर्थ होता. मी त्या लेखाला 'डोंगर उपाशी' असा मथळा दिला होता. तो गाजला. भाषणांत आला. आकडा कसा काढला, हे मी सरांना एकदाही विचारले नाही. तो सरांचा होता म्हणजे बरोबरच असणार, असे मी धरून चाललो. बातमीदाराने असे धरून चालायचे नसते, हे मला त्या कॉलेजात नाही, तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले होते.

त्या मथळ्याची किंमत इतरांनी मोजली. सरांच्याच वाडीतले बाळाराम, जे मुंबईत राहत आणि वाडीच्या मंडळाचे काम पाहत, एकदा तावातावाने विभागाच्या खोलीत आले. "सर, तुम्ही आमाला पेपरात उपाशी ठेवलंत. पोराच्या सोयरिकीला गेलो तर पोरीचा मामा बोलतो, तुमच्याकडं भात तरी शिजतो का रोज? सगळ्या बैठकीत हसले." सर शांतपणे म्हणाले, "आकडा तुमच्याच घरातून आलाय, बाळाराम." बाळाराम तसेच निघून गेले. त्या मुलाचे लग्न पुढे दुसरीकडे झाले, सुखाने झाले. पण सरांचे ते उत्तर पुढे त्यांनाच सलत राहिले. गेल्या वर्षी ते मला म्हणाले, "तो तक्रार करायला आला नव्हता रे. तो मला चूक दाखवायला आला होता. त्याला ती मांडता आली नाही आणि मला ती ऐकता आली नाही."

चूक सापडली ती दोन हिवाळ्यांपूर्वी. सर निवृत्त झाले होते. मोजणी आता मनीषा आणि तिचे विद्यार्थी करत. सर हौसेने त्यांच्याबरोबर आपल्या वाडीवर गेले आणि पार्वतीआजींच्या ओटीवर टेकले. पार्वतीआजी नात्याने त्यांच्या चुलत चुलती. पुढचे संभाषण मनीषाने मला इतक्या वेळा सांगितले आहे, की मी तिथे नव्हतो हे आठवावे लागते. तिने विचारले, "आजी, घरात माणसं किती?" "सात." "महिन्याला तांदूळ किती शिजतो?" आजींनी मापाने सांगितले आणि वर बजावले, "मुंबईला धाडतो तो ह्यात नाय हां धरला. तो येगळा लिव." मनीषा लिहू लागली. सरांची नजर ओटीच्या कडेला धुऊन उपडी घातलेल्या भांड्यांवर गेली. ते म्हणाले, "आये, ताटं तर दोनच दिसतात गो."

"मंग? मी नि म्हातारा. दोघांना किती ताटं लागतात?"

"मग सात कोण?"

"तीन पोरगे, दोन सुना. मुंबईला हायत. मुंबईला हायत म्हंजी काय परके झाले? रेशनकार्डावर नाव हाय. शिमग्याला पालखी त्यांच्याच खांद्यावर असते. अरे परभाकर, तू म्हाडला ऱ्हायलास एवढी वर्सं, तुझा बाप तुला घरात मोजायचा का नाय?"

"मोजायचा."

"मंग! येवढा शिकलास नि इचारतोस काय?"

मुले हसली, सरही हसले. चहा झाला. वाडीवरून खाली उतरताना सर सगळ्यांच्या मागे राहिले. पायवाटेच्या वळणावर ते एका दगडावर बसले. मनीषाला वाटले, दम लागला. ते म्हणाले, "मनीषा, दोघांचा भात मी सात जणांत वाटला. दर वर्षी. प्रत्येक वाडीवर."

ही चूक बाहेरच्या माणसाने केली नसती. पुण्याहून आलेल्या एखाद्याने पहिल्याच दिवशी विचारले असते, की इथे राहते कोण. पोलादपूरच्या डोंगरात मात्र 'घरात किती' या प्रश्नाला एकच उत्तर असते, आणि त्या उत्तरात मुंबईतली सगळी माणसे असतात. तांदूळ लोक नेमका सांगत. मुंबईचा वेगळा काढत. माणसे वेगळी काढणे त्यांना अपमानास्पद वाटे. सर त्याच घरांतले. त्यांच्या वडिलांनीही ते महाडला राहायला गेल्यावर वर्षानुवर्षे त्यांना घरातच मोजले होते. अहवालांतले देश 'या चुलीवर गेले काही आठवडे कोण जेवले' अशा हिशेबाने मोजलेले होते आणि आपले तालुके नात्याने. सरांनी तोलामोलाचे देश निवडताना एवढी काळजी घेतली आणि शेवटच्या रकान्यात मापच वेगळे वापरले. पोलादपूरहून परतीच्या एसटीत त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुंबईतली मुले-सुना शिकलेली. त्यांची शाळेची वर्षे वाडीच्या सरासरीत जात होती. म्हणजे धान्याची ओळ होती त्याहून वाईट दिसत होती आणि शिक्षणाची ओळ होती त्याहून बरी. भूक नव्हती तिथे आपण भूक दाखवली, आणि वाडीवर मागे राहिलेल्या बायका कमी शिकलेल्या आहेत हे आपणच झाकले... असे ते मनीषाला दोन बाकांच्या मधून, गाडीच्या आवाजावरून ओरडून सांगत होते.

सर्व घरे पुन्हा मोजायची, आणि जे निघेल ते आपल्या नावाने छापायचे, असे त्यांनी ठरवले. त्याच सुमारास त्यांच्या छातीत दुखू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण ती झाली तरी खात्री देता येत नाही, असेही सांगितले. सरांनी तारीख मोजणीनंतरची घेतली. सुमनकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, घर डोक्यावर घेतले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. "देशाची तब्येत बघून झाली की स्वतःची दाखवा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. सर म्हणाले, "माझी तुलना कोणाशी करणार तुम्ही?" "शेजारच्या भाऊंशी करीन. तुमच्याच वयाचे आहेत, तोलामोलाचे आहेत. ते गोळ्या घेतात." शेवटी काकू डबा घेऊन बरोबर जाणार आणि चढाच्या वाड्यांवर मुलेच वर जाणार, अशी तडजोड झाली. एवढी घाई कशाला, असे मी सरांना विचारले. तक्ता तर विभागाचा आहे, मनीषा दुरुस्त करील, कधीही. सर म्हणाले, "ती करील. पण मग ती दुरुस्ती होईल. मी असताना झाली तर ती कबुली होईल." आम्हा सगळ्यांनाच तेव्हापासून एकच धास्ती होती, की सर राहतील का तोवर.

नवा प्रश्न सोपा होता: गेला महिनाभर या चुलीवरचे कोण जेवले? वाडीवर लोक त्यावर थबकत, बोटांवर मोजत, आणि मोठ्या घरांतून दोन, तीन, एक अशी उत्तरे येत. पार्वतीआजींनी "दोन" म्हणून सांगितले आणि मुंबईच्या पाचांची नावेही लिहून घ्यायला लावली. मनीषाने ती मागच्या पानावर लिहिली. महाडजवळच्या बिरवाडीत उलटे झाले. कारखान्यांत काम करणारी मुले तिथे एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात, एकत्र रांधतात. आधीच्या मोजणीत ती कुठेच नव्हती, कारण 'घर' म्हटल्यावर ती आपले गाव सांगत आणि मग मोजणारे विद्यार्थी पुढच्या दारात जात. आता ती आली. पाच महिने लागले. सर बऱ्याच ठिकाणी गाडीतच बसून राहत आणि वरून येणारे कागद तिथेच तपासत. काकू त्यांच्या हातातून कागद काढून घेऊन हातात भाकरी देत.

निकाल त्यांना अपेक्षित होता तसाच आला. धान्याचा आकडा वर गेला, बरोबरीच्यांच्या जवळपास. शिक्षणाचा आकडा खाली गेला, आधी होता त्याहून बराच. आमच्या संपादकांना दुरुस्ती छापण्यात रस नव्हता. जुनी गोष्ट आहे, कोणाच्या लक्षात आहे, चार ओळींत आटपा, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एक रास्त भीतीही होती, की लोक पहिली ओळ वाचतील, सगळे आलबेल आहे म्हणतील आणि दुसरी ओळ कोणी पाहणार नाही. सर ऑफिसात आले, जिना थांबत थांबत चढून. संपादकांना म्हणाले, "चूक जेवढ्या जागेत छापलीत, तेवढ्याच जागेत दुरुस्ती. मी जास्त मागत नाही." संपादक म्हणाले, "सर, लोक तुम्हाला हसतील." "हसू द्या. बाळारामच्या बैठकीत हसले होते, त्याहून थोडेच असतील." संपादकांना बाळाराम कोण ते माहीत नव्हते. मी सांगितले. मथळाही माझाच होता हेही सांगितले. त्यांनी पुरवणीचा आराखडा पुढे ओढला आणि एका जाहिरातीची जागा खाली सरकवली.

लेख रविवारी आला. सोमवारी दुपारी सरांचा फोन आला. बाळारामने मुंबईहून फोन केला होता, असे ते म्हणाले. काय म्हणाले बाळाराम? "म्हणाला, सर, आता आमाला अडाणी ठेवलंत. पण हे खरं हाय." सर खूप वेळ हसत होते. मग म्हणाले, "सुटलो रे. आता जे मागे आहे ते खरंच मागे आहे. आता त्याच्याबद्दल कोणाशीही भांडता येईल." शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होती. मंगळवारी पहाटे ते आंघोळीला म्हणून उठले आणि पुन्हा आडवे झाले. तेराव्याला गेलो तेव्हा मला जे विचारायचे धैर्य नव्हते, त्याचे उत्तर काकूंनी आपणहून दिले. "ऑपरेशन आधी करायला हवं होतं असं तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल तर काढून टाका. मोजणी राहिली असती तर ते टेबलावरून उठून वाडीवर गेले असते." त्यांचा आवाज स्थिर होता. मग त्यांनी विचारले, जेवून जाणार ना.

मागच्या आठवड्यात मी कॉलेजात गेलो होतो. विभागाच्या खोलीत भिंतीवर नवा तक्ता पूर्ण होत आला होता. शेवटचा रकाना नव्या मापाने, वाडीवार तपशिलासह. दहा-बारा मुले-मुली टेबलाभोवती होती आणि आवाज चढलेले होते. वाद अक्षता नावाची मुलगी घालत होती. ती सरांच्याच वाडीतली, त्या वाडीतून कॉलेजपर्यंत आलेली पहिली मुलगी. महाडात होस्टेलवर राहते. शिक्षणाच्या ओळीतला आपल्या वाडीचा आकडा तिने वाचला होता.

"मॅडम, ह्यात मी कुठंय?"

मनीषा म्हणाली, "तू वाडीवर जेवत नाहीस. होस्टेलला जेवतेस. तू महाडात धरलीयेस."

"म्हंजी मी शिकायला खाली आले म्हणून वाडीचा आकडा पडला? नसते आले तर दहावीपर्यंतची तरी एक दिसली असती तिथं!"

"आणि आता म्हाडचा वाढला तुझ्यामुळं," मागून कोणीतरी म्हणाले. "आमच्याकडून आभार!" सगळे हसले. अक्षता हसली नाही. "माझी आई रोज भाकऱ्या विकते त्या माझ्या फीसाठी. ती वाडीवर जेवते. मग माझं शिक्षण म्हाडचं कसं?"

मनीषाने तक्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला अर्थशास्त्र सोडून फार वर्षे झाली आहेत. जुने माप चुकीचे होते, नवे बरोबर आहे आणि तरीही ही मुलगी जे म्हणते आहे त्याला त्यात जागा नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. देशांच्या तक्त्यांतही अशी कितीतरी माणसे कुठल्या ना कुठल्या सीमेवर हरवत असतील. त्या खोलीत अशा वेळी सर काय म्हणाले असते, याचा अंदाज करत बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी काय केले असते, हे मात्र त्या भिंतीसमोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. मनीषाने टेबलावर चढून शेवटच्या रकान्याच्या खाली पट्टीने एक रेघ मारली, खाली उतरून पेन्सिल अक्षताकडे दिली आणि म्हणाली, "तळटीप तू लिही. सही करून."

अक्षताने पेन्सिल घेतली. मग टेबलावर चढून, भिंतीला कोपर टेकवून ती लिहू लागली, आणि खालून एकजण म्हणाला, "मोठ्या अक्षरात काढ गो, लांबून दिसत नाय."